मामा, मला आमदार व्हायचंय! सीमाभागातल्या होतकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात कोर्ट आणि डीसी ऑफिसच्या (म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) परिसरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जापासून खरेदीपत्रापर्यंत सगळं टाइप करतो आणि निवडणूक लागली की उमेदवारी अर्ज आणि अफिडेव्हिट. या धंद्यात माणूस उमेदवार व्हायच्या पाच वर्षं आधीच ओळखू येतो. जातीच्या दाखल्याचा अर्ज करायला येतो, पैसे देतो, पायरीपर्यंत जातो आणि परत वळून हळूच विचारतो, "मामा, आमदारकीला काय काय लागतंय ओ?"

तेच प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत की एकदा लिहून काढावेत असं वाटलं. यात कायदा आहे तसं माझं मतही आहे. कुठलं काय ते वाचताना कळेलच.

मला मोठं पद हवंय. हे आत्ता विशीतच बोलून दाखवावं की मनात ठेवावं?

आपल्याकडं पोरगं कलेक्टर होणार म्हणालं तर आई पेढे वाटते. तेच पोरगं आमदार होणार म्हणालं तर बाप म्हणतो, आधी शेणकूर कर. डॉक्टर व्हायची इच्छा म्हणजे महत्त्वाकांक्षा आणि मंत्री व्हायची इच्छा म्हणजे हाव, असा हिशेब गल्लीनं आधीच मांडून ठेवलेला असतो.

यशवंतराव चव्हाणांची शाळेतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षकांनी मुलांना विचारलं, मोठेपणी कोण होणार. कुणी टिळकांचं नाव घेतलं असेल, कुणी गांधींचं. चव्हाण म्हणाले, मी यशवंतराव चव्हाण होणार. आपण ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतो. मला त्यात सावधपणाही दिसतो. पदाचं नाव घेतलं नाही आणि लहान राहायची तयारीही दाखवली नाही.

याच्या अगदी उलट आपले हुक्केरीचे उमेश कत्ती. वडिलांच्या निधनानंतर 1985 मध्ये ते विधानसभेत गेले आणि एकूण आठ वेळा आमदार झाले. मला मुख्यमंत्री व्हायचंय, हे ते पत्रकारांसमोर, सभेत, कुठंही उघड सांगायचे. पक्षाला अवघड जायचं. त्यांचं स्वतंत्र उत्तर कर्नाटकाचं बोलणंही तसंच. 6 सप्टेंबर 2022 ला मंत्री असतानाच ते गेले, मुख्यमंत्रिपद काही मिळालं नाही. पण त्या बोलण्याची शिक्षा हुक्केरीकरांनी त्यांना दिली असं मला दिसत नाही. लोकांना इच्छा चालते. त्यांना चीड येते ती "मला काही नको, कार्यकर्त्यांचा आग्रह आहे" या वाक्याची. ते वाक्य मी स्वतः शेकडो पत्रकांत टाइप केलंय, त्यामुळं त्याची किंमत मला माहीत आहे. एका पानाला वीस रुपये.

तेव्हा बोला. पण पदाआधी मतदारसंघाचं नाव घ्या. "मला आमदार व्हायचंय" यापेक्षा "मला खानापुरातून उभं राहायचंय" हे बोलणं जास्त शहाणपणाचं. पुढचे प्रश्न मग आपोआप येतात. गावं किती, जंगलातल्या वाड्या किती, पावसाळ्यात कुठला नाला रस्ता तोडतो.

वय किती लागतं?

ग्रामपंचायत आणि महापालिकेला 21. विधानसभा आणि लोकसभेला 25. विधान परिषद आणि राज्यसभेला 30. राष्ट्रपतिपदाला 35, तेही विचारणारे येतात. वय अर्जाच्या छाननीच्या दिवशी पूर्ण हवं. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी जन्मतारीख असेल तर आजच दुरुस्त करा.

शिक्षणाची अट नाही. मुख्यमंत्री व्हायला वेगळी वयाची अट नाही, आमदारकीची पात्रता हीच त्याची पात्रता.

समितीतून जावं की राष्ट्रीय पक्षातून?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्या आजूबाजूचे. हा विचारताना पोरं दुकानाचं दार लोटून घेतात.

आधी आकडे. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत. त्यातल्या बेळगाव दक्षिण, उत्तर, ग्रामीण आणि खानापूर या चार ठिकाणी, शिवाय निपाणीच्या बाजूला, मराठी मतांवर निकाल फिरू शकतो. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे 2013 मध्ये दोन आमदार निवडून आले होते, दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 ला एकही नाही, 2023 ला एकही नाही. बेळगाव महापालिकेवर वर्षानुवर्षं समितीच्या विचाराचा महापौर असायचा. 2021 ला पक्षचिन्हांवर लढत झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपनं घेतल्या.

याला कारणं पुष्कळ सांगतात. 2008 च्या मतदारसंघ फेररचनेत उचगाव मतदारसंघ नकाशावरून गेला, हे एक. नवीन पिढीला नोकरी, रस्ता, पाणी याची घाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा 2004 चा दावा तारखांवर चाललाय, हे दुसरं. माझ्या मते तिसरं कारण घरातलंच आहे. चळवळीला त्याग लागतो आणि निवडणुकीला भूक लागते. समितीत सगळ्यांनी त्यागाचीच भाषा केली, भूक मात्र प्रत्येकाला होती. ती उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ती बंडखोरीतून बाहेर पडली. एका मतदारसंघात समितीच्या नावानं दोन-दोन अर्ज मी स्वतः टाइप केलेत, सकाळी एक, दुपारी एक. दोघांच्याही पत्रकात सीमालढ्यातल्या सतरा जानेवारीच्या हुतात्म्यांना अभिवादन होतं.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय पक्षात गेलात की गल्लीत पहिला शब्द ऐकू येतो, "फितूर." तो सहन करायची तयारी हवी. पण खानापूरचंच बघा. 2018 ला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, 2023 ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. पक्ष कुठलाही असो, खानापुरात मराठी न बोलता मत मागून दाखवा. उत्तरमधून 2018 ला अनिल बेनके भाजपकडून आमदार झाले. म्हणजे मराठी माणूस विधानसभेत पोचतो, फक्त सीमाप्रश्न दाराबाहेर ठेवून पोचतो. तिकीट बेंगळूरहून येतं, आणि बेंगळूरला 1 नोव्हेंबर हा राज्योत्सव आहे, आपल्यासारखा निषेधाचा काळा दिन नाही. त्या दिवशी तुम्ही कुठं असणार हे तिकीट देणारा आधी विचारतो.

एक आकडा मात्र दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. खासदार सुरेश अंगडी गेल्यावर 2021 मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपुढं साधारण पाच हजार मतांनी निवडून आल्या. त्याच निवडणुकीत समितीच्या शुभम शेळके या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. निकालातल्या फरकाच्या वीसपट! आणि तरी एक षष्ठांश मतांचा हिशेब केला तर डिपॉझिट जप्त. एवढी मतं घेऊन माणूस ना निवडून येतो ना डिपॉझिट वाचवतो, पण बेंगळूरला दोन्ही पक्षांची झोप उडवतो. तुम्हाला यातलं काय हवंय, खुर्ची की दुसऱ्याची झोप उडवणं, हे आधी ठरवा. दोन्हीला मान आहे. दोन्ही एकदम मिळत नाही.

मी कुठल्या बाजूचा, असं विचाराल तर सांगणार नाही. माझ्याकडं सगळ्यांची उधारी आहे.

कन्नड येत नाही. अडेल का?

अर्ज भरायला अडत नाही. उमेदवाराला अमुक भाषा आलीच पाहिजे असा कायदा नाही.

सभागृहात काय, हेही विचारतात. घटनेचं कलम 210 सांगतं की विधिमंडळाचं काम राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल. पण या भाषांत नीट मांडता येत नसेल त्या सदस्याला सभापती मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. 'देऊ शकतात' हे शब्द नीट वाचा. हक्क नाही, परवानगी आहे. कलम 350 मात्र हक्क देतं: गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत करता येतो. माझ्या दुकानातून मराठी अर्ज जातात. उत्तरं कन्नडमध्ये येतात, मग ती वाचून घ्यायला माणूस परत माझ्याकडंच येतो. माझा दुहेरी धंदा होतो, पण तुमचं काय?

म्हणून सांगतो, कन्नड शिका. बोलायला तर बाजारात, एसटी स्टँडवर येतंच की सगळ्यांना. वाचायला शिका. अजेंडा, ठराव, टेंडर, टिप्पणी सगळं कन्नडमध्ये असतं. आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं तीन वर्षं न वाचता सह्या केल्या आणि शेवटी कळलं की त्याच्याच गल्लीच्या गटारीचे पैसे त्याच्याच सहीनं दुसरीकडं गेले होते. भाषेच्या लढ्यात मराठीचा अभिमान हवाच, पण कन्नड न वाचता येणं हा त्या अभिमानाचा पुरावा नाही.

काळ्या दिनाच्या फेरीची केस अंगावर आहे. उभं राहता येईल का?

नुसती केस चालू असेल तर येईल. कायदा शिक्षेकडं बघतो, आरोपाकडं नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्र, आणि सुटल्यावर पुढं सहा वर्षं.

पण आपल्या भागात एक खाच आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. भाषा, धर्म, जात यावरून दोन गटांत वैर पसरवल्याचं जे कलम आहे, जुनं 153-अ, आताच्या न्याय संहितेतलं 196, त्यात शिक्षा झाली तर दोन वर्षांची मर्यादा लागूच नाही. नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्र! भाषणाच्या जोशात माणूस काय बोलतो आणि एफआयआरमध्ये कुठलं कलम लागतं, यावर पुढचं सगळं राजकारण अवलंबून असतं. तेव्हा केस कुठल्या कलमाखाली आहे ते वकिलाकडून लिहून घ्या. "काय नाही ओ, किरकोळ आहे" म्हणणाऱ्या वकिलाकडून तर नक्कीच लिहून घ्या.

फॉर्म 26 च्या अफिडेव्हिटमध्ये प्रत्येक चालू केस दाखवावी लागते. शिवाय माघारीची मुदत संपल्यापासून मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर तिची जाहिरात द्यावी लागते, स्वतःच्या खर्चानं. काही पोरांना ती जाहिरात अपमान वाटते. काहीजण ती कापून फ्रेम करतात. सीमाभागात दोन्ही प्रकार बघितलेत.

इथं एक बोलल्याशिवाय राहवत नाही. 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात शरद पवार पोलिसांची नजर चुकवून बेळगावात आले होते. दोन वर्षांनी ते परत मुख्यमंत्री झाले. एकनाथ शिंदे सांगतात की सीमा आंदोलनात ते बळ्ळारीच्या तुरुंगात होते, 2022 ला तेही मुख्यमंत्री झाले. आमच्या आंदोलनाचा तुरुंग तिकडच्या पुढाऱ्याच्या परिचयपत्रात शोभून दिसतो. इकडच्या पोराच्या परिचयपत्रात तो पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला आडवा येतो.

इथं नाही जमलं तर महाराष्ट्रातून उभं राहता येईल का? शेवटी गाव आपलं 865 मध्येच आहे की.

विधानसभेला नाही. ज्या राज्याची विधानसभा, त्या राज्याच्या कुठल्यातरी मतदारयादीत नाव लागतं. महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर असला तरी मतदारयादी दाव्यावर चालत नाही. चंदगडला मामाच्या घरी नाव घालून ठेवतो म्हणणारेही आहेत. दोन ठिकाणी नाव ठेवणं आणि खोटं निवेदन देणं गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

लोकसभेला मात्र देशातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव असलं की पुरतं. येळ्ळूरचा मतदार मुंबईतूनही उभा राहू शकतो, फक्त आपल्या यादीची प्रमाणित प्रत जोडायची. राज्यसभेलाही 2003 पासून तसंच.

बॅरिस्टर नाथ पै आठवा. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावात, खासदारकी राजापूरची, 1957 पासून सलग तीन वेळा. सीमाप्रश्नावर दिल्लीत बोलायला त्यांना बेळगावचं तिकीट लागलं नाही. 18 जानेवारी 1971 ला ते गेले तेही बेळगावातच. तसा आवाज असेल तर मतदारसंघ कुठलाही चालतो. तसा आवाज असेल तर, हं.

थेट आमदारकी की ग्रामपंचायतीपासून?

पंचायतीपासून. यावर माझं मत पक्कं आहे, आणि त्याचं कारण म्हणजे जमखंडीचे बी. डी. जत्ती.

हे नाव आजच्या पोरांना माहीत नसतं. कोल्हापुरात शिकले, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वकिली केली. पहिलं पद जमखंडी नगरपालिकेचं, सदस्य आणि मग अध्यक्ष. नंतर संस्थानात मंत्री आणि शेवटी संस्थानचे मुख्यमंत्री. 1948 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा हे परत वकिलीला बसले. थोड्याच काळात मुंबई विधिमंडळात गेले, बाळासाहेब खेरांचे संसदीय सचिव झाले आणि 1952 नंतर मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि कामगार खात्याचे उपमंत्री. 1956 ला राज्यपुनर्रचना झाली, माणूस तोच, राज्य बदललं. आता म्हैसूर. 1958 ते 1962 ते तिथले मुख्यमंत्री. मग पुद्दुचेरीचे नायब राज्यपाल, ओडिशाचे राज्यपाल, 1974 ला उपराष्ट्रपती आणि 1977 मध्ये फखरुद्दीन अली अहमद गेल्यावर फेब्रुवारी ते जुलै हंगामी राष्ट्रपती. त्याच काळात देशात सत्ता पालटली आणि नव्या पंतप्रधानांना शपथ द्यायची वेळ आली. पंतप्रधान कोण? मोरारजी देसाई. ज्यांच्या हाताखाली मुंबईत उपमंत्री होते त्यांनाच दिल्लीत शपथ द्यायला जत्ती उभे राहिले.

ज्या पुनर्रचनेनं आमच्या घरात तीन पिढ्यांचं भांडण लावलं, त्याच पुनर्रचनेतून हा माणूस मुख्यमंत्री झाला. नगरपालिकेच्या गटारीच्या फायली बघितलेला माणूस होता, कुठल्याही राज्याची फाईल त्याला परकी वाटली नसणार. अर्थात ते कन्नडभाषक होते आणि रेषेच्या सोयीच्या बाजूला होते, हेही खरंच. आमच्या वाट्याला ती सोय आली नाही.

आता आजची शिडी. कर्नाटकात ग्रामपंचायत पक्षचिन्हाशिवाय लढली जाते, त्यामुळं समिती की पक्ष हा वाद तिथं थोडा निवळतो. निम्म्या जागा महिलांना. सदस्य झालात की विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात तुम्हाला मत मिळतं. बेळगावात अशा दोन जागा आहेत. ज्या पुढाऱ्याच्या फाटकावर तुम्हाला तासभर उभं केलं होतं, तो त्या निवडणुकीत तुमच्या घरी चहाला येतो. त्या चहाला काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. बहुतेक जण नुसताच फोटो काढून घेतात.

मधली पायरी मात्र मोडलीय. तालुका आणि जिल्हा पंचायतीची निवडणूक 2016 ला झाली, 2021 ला मुदत संपली आणि पुढं लांबतच गेली. पूर्वी आमदारकीचा उमेदवार तिथं तयार व्हायचा. आता पोरगं पंचायतीतून थेट विधानसभेकडं बघतं, मध्ये हात धरायला काही नाही. शहरात असाल तर महापालिका आहे, पण तिथं महापौरपद एकेक वर्षाचं आणि आरक्षणाच्या चक्रावर. नशीब आणि रोस्टर जुळलं तर.

बेळगाव जिल्ह्याचा मुख्यमंत्री कधी झाला का?

हे लिहीपर्यंत नाही. जत्ती आणि एस. आर. कंठी जुन्या विजापूर जिल्ह्याचे, बोम्मई पितापुत्र आणि शेट्टर हुबळी-धारवाडकडचे. 18 आमदारांचा जिल्हा, 2012 पासून सुवर्ण विधानसौध हे विधानभवन उभं, दर हिवाळ्यात सगळं सरकार इथं हुरडा खायला येतं, पण खुर्ची काही इथली झाली नाही. सतीश जारकीहोळींचं नाव अधूनमधून चर्चेत येतं.

उपमुख्यमंत्री मात्र झालेत. अथणीचे लक्ष्मण सवदी 2018 ला विधानसभा हरले आणि 2019 ला उपमुख्यमंत्री झाले. हरलेला माणूस कसा, म्हणून पोरं चकित होतात. घटनेच्या कलम 164 प्रमाणे कुठल्याही सभागृहाचा सदस्य नसताना सहा महिने मंत्री राहता येतं, तेवढ्यात निवडून यावं लागतं. सवदी फेब्रुवारी 2020 ला विधान परिषदेवर गेले. यावरून "म्हणजे निवडणूक हरली तरी चालतंय" असा अर्थ काढू नका. त्यांच्यामागं अथणीतली आधीची तीन वेळची आमदारकी होती.

मंत्रिपदांची संख्याही ध्यानात ठेवा. 224 आमदारांच्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसकट जास्तीत जास्त 34.

घरात कुणीच राजकारणात नाही. बाप सेंट्रिंगच्या कामावर जातो. जमेल का?

खोटं बोलत नाही, अवघड आहे. या जिल्ह्यात आडनावं मोजून बघा. जारकीहोळी बंधू, कत्ती घराणं, जोल्ले दांपत्य. 2024 ला चिक्कोडीतून प्रियांका जारकीहोळी खासदार झाल्या तेव्हा त्यांचं वय सत्तावीसच्या आसपास. त्यांच्या मतांना मी नावं ठेवत नाही, लोकांनी दिली. पण तुमच्या सत्ताविसाव्या वर्षी तुम्ही मंडळाच्या वर्गणीचा हिशेब देत असाल, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

त्या वर्गणीला मात्र कमी लेखू नका. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गणपतीला गल्लीगल्लीत मंडप. ज्या पोरानं जनरेटर बंद पडल्यावर पहाटे तीनला माणूस उठवून आणला, विसर्जनानंतर हिशेबाचा कागद मंदिराच्या फळ्यावर लावला आणि उरलेले चारशे रुपये सुद्धा लिहिले, त्याला पंच विसरत नाहीत. घराणं नसलेल्याला तेवढंच भांडवल असतं. सोसायटी, दूध डेअरी, शाळेची कमिटी हेही तसंच. कुठं मयत झालं तर सरण रचायला पुढं होणारा पोरगा आणि फ्लेक्सवर फोटो असलेला पोरगा, यातला मतदार कुणाला ओळखतो ते गावातल्या कुणालाही विचारा.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात, आरक्षण आलं तर उभी राहा, नाहीतर लग्न कर.

आरक्षणात उभी राहाच, पण सही स्वतः कर. सदस्य बाई आणि मीटिंगला नवरा, असे प्रकार मी टेबलापलीकडून रोज बघतो. अर्जावर बाईची सही हवी म्हटलं की नवरा म्हणतो, "द्या की ओ, मीच करतोय सगळं."

लक्ष्मी हेब्बाळकर 2013 ला बेळगाव ग्रामीणमध्ये विधानसभा हरल्या, 2014 ला लोकसभा हरल्या. 2018 ला त्याच ग्रामीणमधून आमदार, 2023 ला परत आमदार आणि मंत्री. दोनदा हरून परत पहिल्याच मतदारसंघात उभं राहणं हे पुरुषांनाही जमत नाही. विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 ला झालाय, अंमल जनगणना आणि फेररचनेनंतर. त्याची वाट बघत बसू नको.

खर्च किती येतो?

विधानसभेला डिपॉझिट 10,000, लोकसभेला 25,000, अनुसूचित जाती-जमातीला निम्मं. खर्चाची मर्यादा विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख. डिपॉझिट परत हवं तर वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडावी लागतात.

प्रत्यक्षात किती येतो, ते मला विचारू नका. मी फक्त खर्चाचा तक्ता टाइप करतो, आणि तो नेहमी मर्यादेच्या आत बसतो.

निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावाच लागतो. हरलेले अपक्ष हे हमखास विसरतात आणि तीन वर्षं अपात्र ठरतात.

अर्ज बाद कशानं होतो?

रिकाम्या रकान्यानं. अफिडेव्हिटमध्ये एकही जागा मोकळी सोडायची नाही. नसेल तिथं 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडायचं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे. समितीच्या उमेदवाराला सुद्धा दहाच लागतात, तिथं आंदोलनाचं वय बघत नाहीत. डिपॉझिट रोख किंवा चलनानं, चेक चालत नाही. वेळ सकाळी 11 ते दुपारी 3. बी फॉर्मची (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राची) वाट बघत पावणेतीनपर्यंत माझ्या दुकानात घामाघूम बसलेले मोठे मोठे पुढारी मी बघितलेत. त्या वेळी त्यांना पाणी द्यावं, प्रश्न विचारू नये.

खानापूर आणि कित्तूरवाल्यांसाठी एक सूचना: जिल्हा बेळगाव असला तरी तुमची लोकसभा उत्तर कन्नड. लोकसभेचा अर्ज भरायला कारवारला जावं लागतं. दरवेळी कुणीतरी चुकून इथं येतंच.

हरलो तर लोक हसतील का?

हसतील. पंधरा दिवस. मग गणपती येतात.

गेल्या वेळी एक पोरगा डिपॉझिट घालवून आला होता. मतं किती पडली ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं, बूथवार, खिशातल्या कागदावरून. एका बूथवर त्याला अकरा मतं होती आणि त्या अकरा घरांची नावं त्याला पाठ होती. जाताना मतदारयादीच्या झेरॉक्सचे पैसे विचारले. त्याच अकरावाल्या बूथची, दोन्ही बाजू छापून. मी म्हटलं, एवढ्यात कशाला, अजून चार वर्षं आहेत की. तो म्हणाला, "म्हणूनच ओ मामा, आत्ता स्वस्त पडतंय."